तडा, भेग, चीर की फट? 'क्रॅक'ला नेमकं काय म्हणायचं?

गिरगावातल्या आमच्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मी मराठीत करतेय. ३० वर्षं उलटली की मुंबईत हे ऑडिट करावंच लागतं, आणि आमची इमारत तर त्याहून बरीच जुनी. अहवाल इंग्रजीत आहे, निर्णय मात्र सगळ्या रहिवाशांनी घ्यायचाय, आणि त्यांत आजी-आजोबाच जास्त. 'क्रॅक' हा शब्द पानोपानी आहे. मी सगळीकडे 'तडा' लिहिलं. वाचून दाखवल्यावर पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, एवढे तडे गेले असते तर आपण इथे बसलो असतो का?"

त्यांचं बरोबर आहे. नुसती क्रियापदं बघा. तडा जातो, भेग पडते, फट राहते. काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की तडा जातो, एका झटक्यात, इकडून तिकडे. भेगेला वेळ लागतो: टाचेला, मे महिन्यात शेताला, भिंतीच्या गिलाव्याला. फट दार आणि चौकटीमधली, ती सुताराच्या हातून राहिलेली असते. विश्वासाला तडाच जातो, भेग पडली असं कुणी म्हणत नाही.

आमच्या बीमचं दुखणं गंजाचं आहे. सळई गंजली की तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, काँक्रीट आतून फाकतं, आणि सळईच्या रेषेत खालून भेग दिसते. तिच्यातून समुद्राची खारी हवा आत जाते, की पुन्हा गंज. हे वर्षानुवर्षं चालतं, म्हणून इथे 'भेग'च. पण भेग पुढे सरकते, दोन भेगांचा एकमेकींवर परिणाम होतो, हे कसं लिहायचं? 'परस्परक्रिया' लिहिलं तर आजी पुढे ऐकणारच नाहीत.

प्रतिसाद :
मी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो, आता निवृत्त. आमच्याकडे सरळ 'क्रॅक आलीय' म्हणायचे, स्त्रीलिंगी. पण मराठी शब्द हवा असेल तर लोखंडासाठी 'चीर' घ्या. डोळ्यांना ती दिसतच नाही. भाग स्वच्छ पुसायचा, लाल डाय लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुन्हा पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. मग त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते. चिरेत मुरलेला रंग बाहेर येतो तो.

मोडलेल्या ॲक्सलचं तोंड हातात घेऊन बघा. अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा कमानी. चाक फिरताना चीर थोडी थोडी पुढे गेली त्याच्या त्या खुणा. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. तिथे उरलेलं लोखंड एकदम तुटलं. एकाच ॲक्सलवर दोन शब्द लागतात, ताई. आधी चीर, मग तुटणं. हिवाळ्यात पेपरात 'रुळाला तडा' छापतात ते शेवटच्या क्षणाचं. थंडीत रूळ आखडतो, दोन्हीकडून ताण येतो आणि आत आधीपासून असलेली चीर सुटते. त्या दोघांत महिने गेलेले असू शकतात, आणि रुळांवर चालवतात ते अल्ट्रासॉनिक मशीन ध्वनिलहरींनी आतली चीर शोधतं ते त्या महिन्यांत.

प्रतिसाद :
एक अडचण. चीर, अनेकवचन चिरा. आणि आमच्या कोकणात चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा घडीव ठोकळा. 'भिंतीत चिरा आहेत' आणि 'भिंतीत चिरा आहे' यांत एका अनुस्वाराचाही फरक नाही, फक्त क्रियापदाचा. इमारतीच्या अहवालात म्हणून 'भेग'च ठेवा, 'चीर' धातूला सोडा.

प्रतिसाद :
'परस्परक्रिया' खरंच नको, कारण परिणाम एकाच जातीचा नसतो. एका रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन चिरा एकमेकींना ओढतात, मधल्या पट्ट्यावर दोघींचा ताण पडतो. शेजारी शेजारी समांतर असतील तर उलट. एक दुसरीला आडोसा देते, दोघींच्या टोकांवरचा ताण कमी होतो. थोड्या तिरक्या, पुढेमागे असतील तर आधी जराशा लांब सरतात आणि ओलांडून गेल्यावर आकड्यासारख्या वळून एकमेकींना गाठतात. ओढणं, आडोसा, गाठणं, मिळणं. आपल्याकडे नद्या मिळतात, तशाच या मिळतात.

२८ एप्रिल १९८८ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं छप्पर आकाशात उडून गेलं ते यामुळेच. पत्रे जोडणाऱ्या, एका ओळीतल्या रिव्हेटच्या भोकांशी बारीक बारीक चिरा, एकेकटी कुणी धोक्याची नव्हती. त्या मिळाल्या. विमान ८९ हजारांहून अधिक वेळा उडालेलं होतं, आणि तेही खाऱ्या हवेत.

आणि 'चरा' विसरू नका. काचवाला हिऱ्याने फक्त चरा ओढतो, टिचकी मारतो आणि काच त्या रेषेत सुटते. काच हिशेबापेक्षा इतकी कमी ताकदीची का, याचं उत्तर ग्रिफिथ या इंग्रज इंजिनियरने १९२१मध्ये अशाच बारीक चऱ्यांत शोधलं. टोक जितकं तीक्ष्ण तितका तिथे ताण जास्त.

फिटरकाकांचा पुन्हा प्रतिसाद :
म्हणून तर पत्र्यावरच्या चिरेच्या टोकाला आम्ही भोक पाडायचो. टोक गोल झालं की ती थबकते. मात्र भोक दिसणाऱ्या टोकाच्या थोडं पुढे पाडायचं, खरं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं.

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, 'थबकते' घेतलाय. इंजिनियरनी जूनमध्ये आमच्या बीमवरच्या भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवून शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली होती. गणपतीनंतर पाहिलं तर पट्टी मधोमध तडकलेली. काचेला तडा गेला, म्हणजे भेग थांबलेली नाही.

मजकूर आता असा आहे : 'बीमच्या खालच्या अंगाला सळयांच्या रेषेत भेगा पडल्या आहेत. त्यांतल्या दोन एकाच रेषेत असून त्यांच्यात वीतभर अंतर उरलं आहे. त्या एकमेकींना मिळण्याआधी बीमला टेकू द्यावा.' आजींनी एकदाच ऐकलं आणि टेकू कधी येणार ते विचारलं. अशा न थांबलेल्या भेगेला इंग्रजी अहवालात 'लाइव्ह' म्हटलंय, तिथे मी 'चालू भेग' लिहिलंय. 'जिवंत' लिहायला हात धजला नाही, तो शब्द झऱ्याचा आहे.