नाना शंकरशेट : रेल्वे सोडून काय सांगू?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. ३१ जुलैला नाना शंकरशेटांची पुण्यतिथी. आमच्या व्यापारी मंडळात त्या दिवशी तसबिरीला हार घालतात, कुणीतरी दहा मिनिटं बोलतं, मग चहा होतो. गेली सहा वर्षं मी साधारण तेच भाषण ऐकतोय. मुंबईत रेल्वे आणण्यात नानांचा वाटा होता, एवढ्यावरच ते संपतं. यंदा बोलायचं माझ्याकडे आलंय, आणि वीस मिनिटं दिली आहेत.

मी हिशेबातला माणूस, इतिहास शाळेत मार्कांपुरता केला. पण मंडळात आता पंचवीस-तिशीतली मुलं येऊ लागली आहेत, वडिलांचा धंदा नुकताच हाती घेतलेली. देणगी म्हणजे चेक आणि त्यावरची करसवलत, एवढीच त्यांची ओळख. त्यांच्यापुढे मला एक खरा धनिक उभा करायचाय. नानांनी नाटकासाठी, शाळांसाठी, शहरासाठी नक्की काय केलं? कुठे दिलं, कशासाठी दिलं, आणि त्या देण्याचं पुढे काय झालं? जाणकारांनी कृपया सांगावं.

रंगपटवाला

नाटकाचं मी सांगतो.

मुंबईत फोर्टात इंग्रजांचं एक जुनं थिएटर होतं, १७७६ चं. ते कर्जापायी विकावं लागलं. पुढे नवं थिएटर हवं अशी मागणी झाली, तेव्हा नानांनी ग्रँट रोडला आपली जागा दिली. १८४६ मध्ये तिथे थिएटर सुरू झालं. ते मुख्यतः इंग्रजी खेळांसाठी होतं, पण फोर्टातल्या साहेबांना ग्रँट रोड लांब पडायचा. एतद्देशीयांच्या वस्तीतली जागा ती. साहेब कमी येऊ लागले आणि रंगमंच आपल्या लोकांना मोकळा झाला.

आता दुसरीकडे बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला. मंडळी गावोगाव फिरत १८५३ मध्ये मुंबईत आली आणि याच ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. त्याच वर्षी पारशी मंडळींची नाटकंही तिथे सुरू झाली.

म्हणजे राजाचा हात सुटला तेव्हा नाटकवाल्याला उभं राहायला एका सावकाराने दिलेली जमीन होती, आणि समोर पैसे मोजून बसलेला प्रेक्षक होता. मी तीस वर्षं नेपथ्याची गाडी भरतोय, रिकामी करतोय. ज्या गावात धड नाट्यगृह नाही तिथे किती चांगलं नाटक असलं तरी मांडवात त्याची काय दशा होते, ते मी पाहिलंय. जागा देणं ही नाटकाला केलेली सगळ्यात मोठी मदत, असं माझं ठाम मत आहे.

गिरगावच्या बाई

रंगपटवाले, तुमचा तो सांगलीपासून ग्रँट रोडपर्यंतचा धागा फार आवडला. मी शाळेचं सांगते, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. गिरगावात चौतीस वर्षं संस्कृत शिकवलं.

‘शंकरशेट’ हे माणसाचं नाव आहे हे मला उशिरा कळलं. आमच्या लेखी आधी ते शिष्यवृत्तीचं नाव होतं. १९६८ साली मी मॅट्रिकला होते. आमचे सर पहिल्याच दिवशी फळ्यावर एक श्लोक लिहून वर्गाकडे वळायचे आणि विचारायचे, ‘यंदा शंकरशेट कोण घेणार?’ संस्कृतात सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याला ती मिळायची. मी वर्षभर पहाटे चारला उठून रूपं पाठ केली. मला मिळाली नाही. पण पाठ केलेलं संस्कृत राहिलं, आणि त्यावरच पुढे पोट भरलं. १९१२ मध्ये ही शिष्यवृत्ती मिळवली चिंतामणराव देशमुखांनी, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिले येऊन. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, तरी त्यांचं संस्कृत सुटलं नाही. त्या भाषेत त्यांनी कविताही केल्या. हिशेबनीस, तुमच्या मुलांना हे सांगा. नाना १८६५ साली वारले, आणि त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती शंभर वर्षांनी मला पहाटे चारला उठवत होती.

पण माझ्या मते नानांचं सगळ्यात मोठं काम पैशाचं नव्हतंच. ते बैठकांमध्ये बसण्याचं होतं. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ पासून, मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी जी मंडळी उभी राहिली, त्यांत नाना तरुण वयात शिरले. १८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ नेमलं, त्याचेही ते सभासद होते. त्या मंडळावर सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश अध्यक्ष झाले आणि शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं असा त्यांनी आग्रह धरला. नानांनी लेखी विरोध केला. विद्या थोड्या निवडक मुलांपर्यंत न्यायची असेल तर इंग्रजी ठीक, पण ती सर्वसाधारण लोकांपर्यंत पोचवायची असेल तर त्यांच्या भाषेतूनच पोचेल, हा त्यांचा मुद्दा होता. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्विसही त्याच बाजूला होते. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान आणि एक इंग्रज, चौघे मिळून एका न्यायाधीशाला सांगत होते की मुलाला त्याच्या भाषेत शिकवा. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणणारे. इंग्रजीतून त्यांचं काहीच अडत नव्हतं, तरी ते अशा मुलांसाठी भांडले ज्यांच्या घरी इंग्रजी कधी शिरलंच नव्हतं. मराठी शाळेत शिकवलेली कुठलीही बाई हे वाचून स्वस्थ बसू शकणार नाही.

मुलींच्या शाळेचंही तसंच. १८४९ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या तरुणांनी, त्यांत दादाभाई नौरोजीही होते, मुलींसाठी वर्ग काढले. जागेचा प्रश्न आला तेव्हा नानांनी आपल्या आवारात जागा दिली. मुलींना लिहायला-वाचायला शिकवलं तर घर बुडेल असं भल्याभल्यांना वाटत होतं, तो काळ. देणगी देणं वेगळं, आणि स्वतःच्या दारात शाळा भरवून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टोमणे अंगावर घेणं वेगळं.

हिशेबनीस

बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहाटे चारची गोष्ट मी भाषणात घेऊ का? नाव घेणार नाही. आणि मला अरेतुरेच करा.

एक शंका मात्र आहे, आणि आमच्यातलं कुणीतरी ती विचारणारच. हे सगळं इंग्रज सरकारची मर्जी राखण्यासाठी नव्हतं कशावरून? शेवटी धंदा त्यांच्या राज्यात करायचा होता. आणि एवढा पैसा आला कुठून?

गिरगावच्या बाई

खुशाल घे.

पैसा आधी वडिलांचा. शंकरशेट बाबुलशेट मोठे व्यापारी. घराणं मुरकुट्यांचं, दैवज्ञ. नाना चौक ओलांडताना भवानीशंकराचं देऊळ लागतं ना, ते त्यांनीच बांधलं. नानांनी पेढी वाढवली ती लोकांच्या विश्वासावर. अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज बँकेपेक्षा नानांकडे ठेवणं पसंत करत. तुमच्या मुलांना सांगायला मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

मर्जीचं म्हणशील, तर गव्हर्नरांच्या दरबारात नानांची ऊठबस होती हे खरंच आहे, ते लपवू नकोस. पण २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिच्यात नाना पुढे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती आणि या मंडळींनी थेट पार्लमेंटकडे अर्ज करून कंपनीच्या कारभाराविषयी तक्रारी मांडल्या. सोनापूरचं स्मशान तिथून हलवण्याचा सरकारचा बेत होता, तिथेही नाना लोकांच्या बाजूने उभे राहिले. १८५७ च्या धामधुमीत तर त्यांच्यावरच संशय घेतला गेला, सिद्ध काही झालं नाही. ज्याला फक्त मर्जी राखायची असते तो एवढ्या ठिकाणी आडवा जात नाही. १८६२ मध्ये त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर घेतलं, तोवर ही सगळी वर्षं मागे होती.

लोहमार्ग

मंडळी, रेल्वे अगदीच वगळू नका हो. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी रेल्वेसाठी मंडळी जमवली, पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या संचालकांत दोघेही होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे. आणि बघा, भावे मंडळींचे खेळ ग्रँट रोडला झाले तेही १८५३ सालीच. मी रेल्वेतून निवृत्त झालो, पण ही दोन सालं आजवर शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

रंगपटवाला

वा! हिशेबनीस, भाषण इथूनच सुरू करा. एकाच वर्षी तीच मुंबई, तोच माणूस, आणि एकीकडे इंजिन तर दुसरीकडे पडदा.

जमशेटजींचं नावही घ्याच. कलाशाळेसाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, त्यातून १८५७ मध्ये जेजे स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. माझे नेपथ्याचे गुरू तिथलेच. त्या काळात श्रीमंतांमध्ये जणू चढाओढ लागली होती, आणि ती बंगल्यांची नव्हती.

गिरगावच्या बाई

शेवटचं सांगते. राणीच्या बागेतलं संग्रहालय, आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो ते. त्याची कोनशिला १८६२ मध्ये बसली. त्यामागे डॉ. भाऊ दाजी, डॉ. बर्डवुड, आणि पैसा उभा करणाऱ्यांत नाना आणि डेव्हिड ससून. मग कापसाच्या तेजीचा फुगा आला. १ जुलै १८६५ ला शेअर बाजार कोसळला, मुंबईतली कितीतरी घराणी बसली, संग्रहालयाचं काम अडकलं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना गेले. संग्रहालय उघडलं १८७२ मध्ये, सरकारने काम पुरं केल्यावर. नानांनी ते पाहिलं नाही. मी दरवर्षी आठवीच्या मुलांना तिथे न्यायची आणि आत शिरण्याआधी दारातच हे सांगायची. काही मुलं वर बघत राहायची, छताकडे, खांबांकडे, आणि मी त्यांना तेवढा वेळ द्यायची.

भाषणाआधी एकदा टाउन हॉलला जाऊन ये. तिथे एशियाटिक सोसायटीत नानांचा संगमरवरी पुतळा आहे. तसबिरीपुढे बोलणाऱ्याने तो एकदा पाहावा.

हिशेबनीस

येत्या शनिवारी जातो, बाई. मंडळातली दोन मुलं यायला तयार आहेत, तिसऱ्याचं विचारून सांगतो. तुम्ही येऊ शकाल का?

गिरगावच्या बाई

येते. अकराला पायऱ्यांपाशी भेटू. तीस पायऱ्या आहेत, मला चढायला वेळ लागतो, तेव्हा पावणेअकरालाच ये. तिसऱ्या मुलालाही आण.