पांढरी पाचपासून मेजर स्केल
पेटीवर पांढरी पाचला (सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य G) सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर मेजर स्केल का होत नाही, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मेजर म्हणजे आपला बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांची ठरलेली मांडणी), सगळे शुद्ध स्वर. त्यात ग-म आणि नि-सां ही अंतरं अर्ध्या स्वराची, बाकीची पूर्ण. पांढरी एकपासून हे आपोआप जमतं, कारण नेमक्या त्याच दोन जागी मध्ये काळी पट्टी नसते. पांढरी पाचपासून मात्र नि पांढरी चारवर येतो, आणि त्याच्या व सांच्या मध्ये काळी पट्टी असल्याने तो कोमल, म्हणजे अर्धा स्वर खाली लागतो, म्हणजे झाला खमाज थाट! दादरला पेटी शिकताना बाईंनी माझं बोट पांढरी चारवरून उचलून त्याच मधल्या काळी तीनवर ठेवलं. तो शुद्ध नि सांकडे असा काही ओढला गेला, की अंतर म्हणजे काय ते कानालाच कळलं. आधी गाऊन बघा, मग पट्टी शोधा.