जर्मनीत मास्टर्स : यादी करताना 'इंग्रजी माध्यम' ही पहिली अट असावी का?

श्वाबनकर (धागाकर्ता)

डिसेंबर उजाडला की ओळखीपाळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. बीईचं शेवटचं वर्ष, पुढच्या ऑक्टोबरच्या हिवाळी सत्राला जर्मनीत मास्टर्सला यायचं, "दादा, यादी बघता का?" यादी बहुतेक एकाच पद्धतीने केलेली असते. डीएएडी या जर्मन विद्यार्थी-विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर कोर्स शोधताना भाषा 'इंग्रजी' निवडायची, फी 'नाही' निवडायची, आणि उरलेल्यातून दहा नावं उतरवायची.

माझं मत स्पष्ट आहे. मेकॅनिकल, प्रॉडक्शन, इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलच्या मुलांनी भाषेची चाळणी सगळ्यात आधी लावू नये. ती लावली की या देशातले आपल्या विषयाचे बहुसंख्य मास्टर्स कोर्स नजरेआड होतात. उरलेल्या मोजक्या इंग्रजी कोर्सना जगभरातून अर्ज येतात. उलट जर्मन माध्यमाच्या कित्येक कोर्सना जागांची मर्यादाच नसते. तुमच्या बीईत गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्सचे ठरावीक श्रेयांक भरले आणि भाषेचं प्रमाणपत्र असलं की प्रवेश मिळतो. सात-साडेसात सीजीपीएच्या मुलाला इंग्रजी कोर्स नकार देतात, आणि त्याच विद्यापीठातला त्याच विषयाचा जर्मन कोर्स त्याला घ्यायला तयार असतो. हे त्याला कुणी सांगतच नाही.

दुसरी गोष्ट. कोर्सच्या जाहिरात-पानावर थांबू नका, मॉड्यूल हँडबुक उघडा. दोन-तीनशे पानांची पीडीएफ असते आणि प्रत्येक विषयाला एक पान. त्या पानावर साधारण असं दिसतं : श्रेयांक ६, एकूण तास १८०, त्यातले वर्गात ६०, उरलेले १२० घरचा अभ्यास. फक्त उन्हाळी सत्रात चालतो. परीक्षा तोंडी. आणि खाली कुठेतरी एक ओळ, शिकवण्याची भाषा जर्मन. सक्तीचे विषय इंग्रजीत असले की कोर्स 'इंग्रजी' म्हणून जाहीर होतो, पण ज्या ऐच्छिक विषयांसाठी ते विद्यापीठ नावाजलेलं असतं ते बऱ्याचदा जर्मनमध्येच असतात. मग मुलं इंग्रजीत जे असेल ते घेतात आणि श्रेयांक भरतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वेर्कश्टुडेंटची नोकरी. शिकता शिकता कंपनीत आठवड्याला २० तास काम करायचं आणि पुढे तिथेच प्रबंध करायचा, हा इथला राजमार्ग आहे. श्टुटगार्टच्या आसपास मशीन टूल आणि सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम कंपन्या गावागावात आहेत. तिथे शॉप फ्लोअरवर इंग्रजी चालत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की दुसऱ्या वर्षापासून जर्मन सुरू करा, सी१पर्यंत न्या (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात), आणि मग सगळी यादी मोकळी ठेवून कोर्स निवडा.

---

गोदाकाठ

माझी मुलगी नाशिकला इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचं म्हणणं कळलं, पण पटलं नाही.

सी१साठी गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशोबाने ८०० ते १००० तासिका लागतात. इंजिनिअरिंगच्या मुलांचा दिवस तुम्ही विसरलात का? सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी लेक्चर, महिनाअखेरीला सबमिशन, त्यात प्लेसमेंटची तयारी. आमच्याकडे बी१पर्यंतचे क्लास मिळतात, पुढचं शिकवणारं माणूस शोधावं लागतं. पुण्याच्या मुलांना मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईच्यांना काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन आहे. बाकी महाराष्ट्राने काय करायचं? पदवीनंतर वर्ष-दीड वर्ष घरी बसून भाषा शिकायची म्हटलं तर मुलाला एक वेळ चालतं. मुलीला घरातून आणि नातेवाइकांकडून काय ऐकावं लागतं ते मी रोज बघते. तिच्या हातात आजवरच्या सत्रांचे चांगले मार्क आहेत. ते घेऊन तिने वेळेत निघावं असं मला वाटतं.

आणि पैसे. फी नाही म्हणून सगळे जर्मनीकडे वळतात, पण तुमच्याच श्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने (टीयू) २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रागणिक ४००० ते ६००० युरो लावले. नियम असे बदलत असताना दीड वर्ष थांबा म्हणणं सोपं नाही.

---

एल्बेकाठ

असहमत. मी माग्डेबुर्गला डेटा अँड नॉलेज इंजिनिअरिंग करतोय, पूर्ण इंग्रजीत. धागाकर्त्यांनी चार शाखांची नावं घेतली, पण इथे येणाऱ्या मराठी मुलांत कॉम्प्युटर आणि आयटीवाले किती आहेत! आमच्या विषयात शोधनिबंध इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, कोड इंग्रजीत. जर्मन मुलंसुद्धा इंग्रजी विषय आपणहून निवडतात.

पण खरा मुद्दा परीक्षेचा आहे आणि तो कुणीच काढला नाही. इथे बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी मिळतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम मग जर्मनीत दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात करता येत नाही. व्हिसा शिक्षणावर टांगलेला, डोक्यावर कर्ज. असं असताना नव्याने शिकलेल्या भाषेत तोंडी परीक्षा देणं म्हणजे काय, याचा विचार करा. प्राध्यापक समोर बसून उपप्रश्न विचारतात. उत्तर माहीत असूनही शब्द सुचला नाही तर मार्क जातात. सी१चं प्रमाणपत्र हातात असलेल्या मुलांना पहिल्या सत्रात व्याख्यानं डोक्यावरून गेलेली मी पाहिली आहेत.

इंग्रजी कोर्स घ्या, पदवी नीट पदरात पाडून घ्या आणि भाषा इथे येऊन शिका. विद्यापीठात भाषावर्ग फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत असतात.

---

श्वाबनकर

@एल्बेकाठ, कॉम्प्युटर मी मुद्दामच वगळलं होतं. तिथे तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, निदान बर्लिन-म्युनिकच्या कंपन्यांपुरतं. तीन संधींचा नियम कडक आहे, हेही खरं. पण तो नियम इंग्रजी कोर्सलाही तसाच लागू आहे. मेकॅनिकलच्या बहुतेक लेखी परीक्षा गणितं सोडवण्याच्या असतात. तिथे वाक्यरचना कुणी तपासत नाही.

'भाषा इथे येऊन शिका' हे मात्र मला अजिबात मान्य नाही. पहिल्या सत्रात सहा विषय, खोलीची शोधाशोध, आठवड्याला वीस तास गोदामात किंवा हॉटेलात काम. संध्याकाळी सहाच्या भाषावर्गाला पहिले दोन आठवडे चाळीस जण येतात, नाताळपर्यंत दहा उरतात. घरचं जेवण मिळत असताना जे जमलं नाही, ते इथे स्वतः रांधून, स्वतः कमावून जमेल, असं मुलांना सांगणं मला योग्य वाटत नाही.

@गोदाकाठ, नाशिकला पुढचे वर्ग नाहीत, ही अडचण खरी आहे. ऑनलाइन वर्ग आता आहेत, परीक्षा पुण्याला जाऊन देता येते. आणि काही विद्यापीठं बी२वर सशर्त प्रवेश देऊन आधी भाषावर्ग करायला लावतात. सी१ हातात घेऊनच विमानात बसायचं, असं प्रत्येक ठिकाणी नाही.

---

परभणीकर

तुम्ही सगळे धरून चालला आहात की ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी आधीच खात्यात अडकवून ठेवायच्या वर्षभराच्या खर्चाचे, पैसे घरात आहेत किंवा बँक देणार आहे. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिना ९९२. शिवाय आपली कागदपत्रं खरी असल्याच्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये, विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या यूनी-असिस्टला पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३०. शेतमजुराच्या घरात ही यादीच पुढे जाऊ देत नाही.

आमच्यासाठी वाट म्हणजे सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना ७५ जागा, आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २००मध्ये हवं. म्हणजे कोर्स इंग्रजी की जर्मन हा प्रश्न येण्याआधीच यादी कापली जाते. श्वाबनकर ज्या प्रात्यक्षिकावर भर देणाऱ्या शिक्षणाचं कौतुक करतात, ते जर्मनीत फाखहोखशूलेंमध्ये, म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थांमध्ये, उत्तम मिळतं. त्या संस्था अशा क्रमवारीत येतच नाहीत, कारण क्रमवारीत वजन शोधनिबंधांना आणि नावाला असतं. जिथे फी नाही, जिथून मुलगा दोन वर्षांत कमावता होईल, तिथे सरकार पाठवत नाही. ब्रिटनच्या एक वर्षाच्या महागड्या मास्टर्सला मात्र पाठवतं. हा निकष बदलला पाहिजे, आणि त्यासाठी ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी बोललं पाहिजे.

---

कर्वेरोड

मी पुण्यात जर्मन शिकवते. यादी कोण बनवतं, यावर बोलू या का?

फी न घेणारी सरकारी विद्यापीठं सल्लागारांना कमिशन देत नाहीत. खाजगी देतात. त्यामुळे 'इंग्रजी माध्यम' म्हटलं की पालकांसमोर आधी खाजगी संस्थांचे कोर्स ठेवले जातात. वर्षाला दहा-बारा हजार युरो फी, नाव चकचकीत, विषय 'इंटरनॅशनल मॅनेजमेंट' छापाचे. माझ्याकडे गेल्या वर्षी एक मुलगा आला होता. मेकॅनिकलचा, मार्क चांगले. सल्लागाराने त्याला आठवड्याभरात ऑफर लेटर आणून दिलं होतं. त्याच्या मार्कांवर सरकारी विद्यापीठात सहज जागा मिळाली असती, पण त्या यादीत एकही सरकारी नाव नव्हतं. वडिलांनी आगाऊ फी भरलेली, परत मिळाली नाही. इंग्रजीची अट आधी लावल्याने मुलं नेमकी अशा ठिकाणी सापडतात, म्हणून माझं वजन धागाकर्त्यांच्या पारड्यात.

निदान एवढं करा. संस्थेचं नाव अनाबिन या जर्मन सरकारी माहितीकोशात टाकून 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का बघा, आणि सल्लागाराला विचारा की तुमचे पैसे कोण देतं. बारावीनंतर थेट पाठवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना : तिथे बहुतेकांना आधी वर्षभराचं श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीचं वर्ष, करावं लागतं, आणि ते जवळपास सगळीकडे जर्मनमधूनच चालतं. इंग्रजीत बॅचलर्स आहेत, पण सरकारी विद्यापीठांत फार थोडे.

---

पाषाणरोड

भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्रवाल्यांनी या धाग्यामुळे घाबरू नये. माक्स प्लांक या संशोधन संस्थांच्या डॉक्टरेट शाळांचं कामकाज इंग्रजीतच चालतं. पीएचडीच करायची असेल तर दीड वर्ष प्रयोगशाळेत घालवा, भाषेत नको.

---

सह्यकडा

सिव्हिलवाला. श्टुटगार्टचाच वॉरेम, म्हणजे जलसंपदेचा इंग्रजी कोर्स केला. कोर्स उत्तम, शिक्षक उत्तम, सोबत जगभरातली मुलं. नोकरी शोधायला लागलो तेव्हा कळलं की इथलं पाण्याचं काम नगरपालिका आणि नियोजन कचेऱ्यांकडे आहे. निविदा, मानकं, साइटवरची मीटिंग, सगळं जर्मनमध्ये. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्षाचा परवाना मिळतो. त्यातला बराच काळ माझा भाषा शिकण्यात गेला. जे आधी करायचं ते नंतर केलं, एवढाच फरक, पण नंतर करताना खिशात काही नसतं. श्वाबनकरांशी सहमत.

---

गोदाकाठ

सह्यकडा, तुम्ही शेवटी नोकरीला लागलात ना? मग तोच माझा मुद्दा. तुमच्याकडे पदवी होती, परवाना होता, आणि भाषा तुम्ही ती गरज समोर असताना शिकलात. माझी मुलगी इथे बसून नुसती आशेवर शिकेल. व्हिसा नाकारला गेला, नियम बदलला, घरात कुणी आजारी पडलं, तर ते सी१ घेऊन ती नाशिकमध्ये काय करणार?

---

कर्वेरोड

@गोदाकाठ, एवढ्यापुरतं सांगते. पुण्यातल्या कंपन्या बी२-सी१वाल्या इंजिनिअरला पटकन घेतात. पिंपरी-चाकणला जर्मन कंपन्या किती आहेत बघा. ते शिक्षण वाया जात नाही.

---

श्वाबनकर

@परभणीकर, तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे. फाखहोखशूलेंना शिष्यवृत्तीच्या यादीत जागा मिळावी, यासाठी इथे नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांनी विभागाला लिहायला हवं. मसुदा करू या. कोणत्या संस्था, कोणते कोर्स, किती प्रात्यक्षिक सत्रं, ही माहिती मी देतो.

@गोदाकाठ, मुलीला एक करायला सांगा. आवडलेल्या तीन इंग्रजी कोर्सची मॉड्यूल हँडबुकं उघडून तिला खरोखर शिकायचे असलेले विषय कोणत्या भाषेत आहेत ते मोजायला सांगा. इलेक्ट्रिकलमध्ये एम्बेडेड किंवा चिप डिझाइनकडे कल असेल तर केम्निट्झ, ड्रेस्डेनला इंग्रजीत भरपूर मिळेल, मग मी आग्रह सोडतो. वीज वितरण, मोठी यंत्रं यांकडे असेल तर सोडत नाही.

---

एल्बेकाठ

हे मोजणं मान्य. बाकी मी माझ्या मतावर ठाम आहे. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) कायम निवासाला बी१ असेल तर २१ महिने लागतात, ए१ असेल तर २७. सरकारसुद्धा सी१ मागत नाही. इथे येणाऱ्या प्रत्येकाकडून ते आपण का मागावं?