हाय-एंड स्पीकर : आधी आलेख की आधी कान? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तरंगलांबी

"स्पीकर कानांनी निवडायचे, आलेखांनी नाही" हे वाक्य स्पीकरच्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी टाकतं आणि चर्चा तिथेच थांबते. माझं मत नेमकं उलट आहे. मोजमापांच्या आलेखांची चाळणी आधी लावा आणि उरलेल्या दोन-तीन जोड्या ऐका. क्रम उलटा केलात तर तुम्ही स्पीकर नव्हे, शोरूमची खोली पसंत करून येता.

१९९४ साली ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड ऐकवले. डोळ्यांसमोर दिलेले गुण पडद्याआड टिकले नाहीत. शिवाय स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात पडणारा फरक, स्पीकर दिसत असताना, लोकांना नीट जाणवतच नव्हता. हे श्रोते ध्वनिउपकरणं बनवणाऱ्या कंपनीतलेच होते.

मग बघायचं काय? सीटीए-२०३४ पद्धतीचा आलेख, ज्याला सगळे स्पिनोरामा म्हणतात. स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर अशी ७० मोजमापं घेतात आणि त्यातून काही रेषा काढतात. त्यातल्या लिसनिंग विंडोपासून (समोरच्या आसपासच्या दिशांची सरासरी) सुरुवात करा. ती १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झमध्ये दीड-दोन डेसिबलच्या आत सपाट हवी. मग बाजूला जाणाऱ्या आवाजाची रेषा घ्या. ती उतरली तरी चालेल, पण सावकाश उतरायला हवी. एखादा उंचवटा सगळ्या रेषांत त्याच कंप्रतेवर दिसला तर तो अनुनाद (एखाद्या सुरावर आपोआप घुमणं) समजा, मग तो पेटीचा असो वा कोनचा (थरथरणाऱ्या शंकूचा). असा उंचवटा ऐकू येतो. खड्डा फक्त ऐन समोरच्या रेषेत असेल आणि बाजूला भरून निघत असेल, तर तो पेटीच्या कडांवरून वळणाऱ्या आवाजाचा असतो, त्याने फारसं बिघडत नाही.

सर्वांत जास्त फसगत क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे खालचे सूर वाजवणारा वूफर थांबून वरचे वाजवणारा ट्वीटर सुरू होतो तिथे, होते. साडेसहा इंची वूफरच्या कोनचा प्रत्यक्ष व्यास साधारण १३ सेंमी. २.६ किलोहर्ट्झला तरंगलांबीही तेवढीच, म्हणजे तिथे वूफरचा आवाज झोतासारखा अरुंद होतो. लगेच वर उघडा, सपाट पट्टीवर बसवलेला एक इंची डोम ट्वीटर सुरू होतो आणि तो चहूकडे पसरतो. समोर रेषा सपाट, पण बाजूला ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये फुगवटा. हा इक्वलायझरने जात नाही, कारण समोरचं आणि बाजूचं दोन्ही एकदमच हलतं. ट्वीटरभोवती वेव्हगाइड (आवाजाला दिशा देणारी खोलगट वाटी) असणं किंवा ट्वीटर वूफरच्या मध्यभागी बसवणं हा यावरचा खरा इलाज.

कानसेन

पूर्ण असहमत नाही, पण आलेखावर जो भार टाकताय तो त्याला पेलत नाही.

ऑलिव्ह यांच्या २००४ च्या सूत्रात, ७० स्पीकरवर, आलेखातून काढलेली पसंती आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ आला. उत्तम. पण त्याचा वर्ग केला की ०.७४ होतो. म्हणजे सुमारे पाव फरक सूत्राच्या बाहेर राहिला, आणि तोही चांगल्या-वाईट सगळ्या प्रकारचे स्पीकर एकत्र धरून. वरच्या श्रेणीत तुलना होते ती पाच-सहा चांगल्या स्पीकरमध्ये. तिथे सूत्राने दिलेल्या गुणांतला अर्ध्या आकड्याचा फरक काहीच सांगत नाही.

दुसरं, ते श्रवण मोनोत (एकाच स्पीकरवर) आणि बेताच्या पातळीवर झालं. व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) तापल्यावर काय होतं ते त्यात येत नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली की रोध जवळपास ४० टक्के वाढला, आणि आवाज अडीच-तीन डेसिबलपर्यंत बसला. पखवाजाची थाप किंवा पूर्ण वाद्यवृंद चढतो तेव्हा एक स्पीकर फुलतो आणि दुसरा आक्रसतो, दोघांचा स्पिनोरामा सारखा असूनही.

म्हणून घरी, आपल्या खोलीत, आपल्या अ‍ॅम्पवर चार-पाच दिवस ऐकणं याला पर्याय नाही.

तरंगलांबी

पाव फरक बाहेर राहिला म्हणून पाऊण फेकून द्यायचा का? आणि "वरच्या श्रेणीत सगळे चांगलेच असतात" हे गृहीतक तपासून बघा. सौम्य, सप्तकामागे ६ डेसिबलनेच उतरणारा (फर्स्ट-ऑर्डर) क्रॉसओव्हर मिरवणारे कितीतरी महागडे स्पीकर असे आहेत की कान १० अंश वर-खाली झाला की क्रॉसओव्हरपाशी मोठा खड्डा पडतो. खुर्चीत जरा सैल बसलात की आवाज वेगळा. किंमत ही चाळणी नाही.

आवाज बसण्याचा मुद्दा मान्य, पण तोही मोजता येतो. एकदा ७६ आणि एकदा ९६ डेसिबलला स्वीप (खालपासून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) घ्या आणि दोन्ही रेषा एकमेकींतून वजा करा. २० डेसिबलची सरळ आडवी रेषा हवी. जिथे ती खाली झुकते तिथे स्पीकर दमला. स्वीप छोटाच ठेवा, नाहीतर तुम्हीच कॉइल जाळाल.

चार-पाच दिवस ऐकून थकवा येतो का ते कळतं, तुलना होत नाही. कानाची तपशिलाची आठवण काही सेकंदांचीच, आणि चार दिवसांत कान कुठल्याही रंगाला सरावतात.

अवांतर: "शंभर तास वाजल्यावर खुलतात" या सल्ल्यात स्पीकरपेक्षा कानाचाच सराव जास्त. कोनची किनार आणि आधार जे काही सैलावतात ते सुरुवातीलाच, आणि बंद पेटीत मुख्य स्प्रिंग हवेची असते, ती काही सैलावत नाही.

मंद्रसप्तक

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते सगळं २०० हर्ट्झच्या वरचं आहे. ऑलिव्ह यांच्याच सूत्रात जवळपास ३० टक्के वजन खर्ज (बास) किती खाली जातो याला आहे, आणि तिथे राज्य खोलीचं.

५ × ४ × ३ मीटरची खोली धरा. ६० घनमीटर, आवाज विरण्याचा काळ ०.४ सेकंद. खोलीचं राज्य कुठवर चालतं ते सांगणारं श्रोडर यांचं सूत्र: काळ भागिले घनफळ याचं वर्गमूळ, गुणिले २०००. उत्तर सुमारे १६३ हर्ट्झ. याच्या खाली लांबीचा अनुनाद ३४ वर, रुंदीचा ४३ वर, उंचीचा ५७ वर, आणि पुढे त्यांच्या पटी. तिथे १०-१५ डेसिबलचे चढउतार सर्रास मिळतात. ज्या स्पीकरचा "बास भारी" वाटला, तो स्पीकर नुसता वेगळ्या जागी उभा असण्याचीच शक्यता जास्त.

मागच्या भिंतीचं वेगळंच. वूफरचा कोन भिंतीपासून ६० सेंमीवर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज १४३ हर्ट्झला उलटा होऊन भेटतो आणि खड्डा पडतो. सूत्र: ३४३ भागिले अंतराच्या चौपट. हा खड्डा इक्वलायझरने भरू नका. १० डेसिबल उचलायला दहापट वॉट लागतात, आणि जेवढं उचलाल तेवढंच भिंत परत खाते. उपाय दोनच: स्पीकर भिंतीला इतका चिकटवा की खड्डा ३०० हर्ट्झच्या वर जाईल आणि तिथे जाड शोषक त्याला गिळेल, किंवा मागे आवाज न फेकणारा कार्डिऑइड स्पीकर घ्या. डच अँड डच ८सी भिंतीजवळ ठेवण्यासाठीच बनवलाय.

माझं म्हणणं: उभे, भलेमोठे स्पीकर घेऊच नका. उत्तम स्टँडवरची जोडी आणि दोन सबवूफर (फक्त खर्जाचे वेगळे स्पीकर). ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांच्या २००२ च्या कामात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवण्याचा पर्याय चांगला ठरला. कारणही साधं आहे: त्या दिशेचा पहिला अनुनाद दोन सब मिळून रद्द करतात, आणि आडव्या दिशेच्या पहिल्या अनुनादाच्या शून्यबिंदूवर ते बसलेले असतात, त्यामुळे तो पेटतच नाही. एवढी मोकळीक दोन मोठ्या खोक्यांना नसते, कारण ती जिथे स्टिरिओची प्रतिमा नीट बसते तिथेच उभी करावी लागतात.

डग्गा

कागदावर छान. प्रत्यक्षात दहातल्या आठ घरी सब आणि स्पीकर वेगवेगळे वाजतात, कारण "८० हर्ट्झला जोडा" (खालचं सबकडे, वरचं स्पीकरकडे) म्हणून लोक मोकळे होतात.

काय चुकतं ते सांगतो. स्टँडवरचा पोर्टवाला (पेटीत हवेची नळी असलेला) स्पीकर ५५ हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेला असतो आणि त्याखाली तो स्वतःच सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो. त्यावर ८० चा २४ डेसिबलचा हाय-पास (खालचे सूर गाळणारी चाळणी) लावलात की प्रत्यक्ष उतार दोन्हींचा मिळून होतो, फेज (लाटेचा टप्पा) सबशी जुळत नाही, आणि ७०-९० च्या पट्ट्यात भोक पडतं. नेमका डग्ग्याचा बराच ऐवज जिथे असतो तिथेच. स्पीकरची स्वतःची घसरण जोडणीच्या किमान एक सप्तक खाली हवी. नसेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला. तो जवळपास बंद पेटीसारखा १२ डेसिबलने उतरतो, त्यावर १२ चाच हाय-पास लावा, बेरीज २४ होते.

दुसरं, सबमधली डिजिटल प्रक्रिया. तिला ५ मिलिसेकंद लागत असतील तर सब १.७ मीटर मागे सरकल्यासारखा. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, म्हणजे फेज सुमारे १४४ अंशांनी हलली. मुख्य स्पीकरला तेवढा विलंब देण्याची सोय नसेल तर सबचा फेजचा खटका फिरवत बसण्यात अर्थ नाही. एका कंप्रतेवर जुळेल, शेजारी बिघडेल.

आणि हाय-पास न लावता सब नुसता खाली जोडणं ही सबची खरेदीच वाया घालवणं. आवाज तेवढाच ठेवून कंप्रता निम्मी केली की कोनला चौपट हलावं लागतं. छोट्या वूफरला हे कामातून सोडवलं नाही तर त्याच कोनवरून येणारा गायकाचा आवाज खर्जाबरोबर थरथरतो. त्यापेक्षा मधल्या सुरांना वेगळा कोन (मिड) असलेला तीन-मार्गी स्पीकर घ्या, हा प्रश्नच मिटतो.

मंद्रसप्तक

विलंबाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण मग मुख्य स्पीकरला विलंब देणारा प्रोसेसर घ्यायचा. चार फुटी खोकं घेतल्याने ४३ हर्ट्झचा अनुनाद जात नाही.

ट्रायोड

अ‍ॅम्पचं नाव कुणी काढलंच नाही. हे सगळे आलेख जवळपास शून्य आउटपुट इम्पिडन्सच्या (आतल्या विद्युत अडथळ्याच्या) अ‍ॅम्पने मोजलेले असतात. फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहम धरा आणि स्पीकरचा इम्पिडन्स ३ ते २० ओहममध्ये फिरतोय असं धरा. ३ ला ४.४ डेसिबल घट, २० ला ०.८. म्हणजे जो स्पीकर कागदावर सपाट होता त्यात साडेतीन डेसिबलची लाट आली. तरंगलांबींचा दीड-दोन डेसिबलचा निकष कुठे गेला?

माझ्या मते अ‍ॅम्प आधी, स्पीकर नंतर. ८-१० वॉटचाच आवाज हवा असेल तर ९७ डेसिबलच्या पुढच्या संवेदनशीलतेचा हॉर्न (कर्ण्याचा स्पीकर) आणि सपाट इम्पिडन्स शोधा.

तरंगलांबी

गणित बरोबर, निष्कर्ष उलटा. ती लाट अ‍ॅम्पचा दोष आहे, स्पीकर निवडीचा निकष नाही. तीन मीटरवर बसून, दोन स्पीकर मिळून, शिखराला १०२ डेसिबल हवे असतील तर ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (एका वॉटला एका मीटरवर मिळणारा आवाज) ८ ओहमी स्पीकरला साधारण १०० वॉट लागतात. ९७ च्या हॉर्नला १०. हा व्यवहार समजून घेतला असेल तर हॉर्न जरूर घ्या. फक्त संवेदनशीलतेचा आकडा २.८३ व्होल्टला दिलाय की एका वॉटला ते बघा. ४ ओहमी स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट, तिथे ३ डेसिबल फुकट वाढून दिसतात.

मोजपट्टी

घरी दोन जोड्या आणल्याच असतील तर तुलना अशी करा. दोन्हींतला एकेक स्पीकर खोलीत शेजारी-शेजारी उभा करा, ट्वीटर कानाच्या उंचीला, जाळ्या दोन्हींच्या काढलेल्या किंवा दोन्हींच्या लावलेल्या. पातळी ५०० ते २००० हर्ट्झपुरत्या पिंक नॉइजने (चाचणीच्या खरखराटाने), बसण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून, अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. पूर्ण पट्ट्याच्या नॉइजने जुळवलंत तर ज्याचा खर्ज जास्त त्याचा मिड खाली दाबला जातो आणि तो "दबलेला" वाटतो. मध्ये पातळ, आवाज पार जाऊ देणारं कापड लावा. अर्धी फेरी झाली की दोघांच्या जागा बदला. मत जागेबरोबर सरकलं तर तुम्ही खोलीला गुण देत होता.

स्विचबॉक्सबद्दल सावधान. स्वस्त स्विचबॉक्स दोन्ही चॅनलच्या काळ्या टोकांना आत एकत्र जोडतात. ब्रिज केलेल्या किंवा बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पमध्ये काळं टोक जमिनीवर नसतं, तिथेही सिग्नल असतो. असा अ‍ॅम्प जोडलात तर जळू शकतो. दोन्ही टोकं तोडणारा रिले असेल तरच वापरा. आणि एका स्पीकरवर दोन अ‍ॅम्प कधीही एकत्र नको.

मायक्रोफोनची कॅलिब्रेशन फाइल ० आणि ९० अंशांची वेगळी असते. मायक्रोफोन छताकडे करून ० ची फाइल लावली की वरच्या सप्तकात काही डेसिबलची खोटी घसरण दिसते, आणि लोक ट्वीटरला दोष देतात.

कानसेन

पद्धत चांगली, पण मोनोवर अडतो. मोनोत दोष लवकर पकडता येतात, हे टूल यांनीही दाखवलंय. पण स्टिरिओत आवाजाला जी खोली (डेप्थ) येते ती एका स्पीकरवर कळायची कशी? क्वाड ईएसएल-६३ सारखं द्विध्रुवी (पुढे-मागे दोन्हीकडे आवाज फेकणारं) पॅनेल शेजारच्या पेटीबरोबर एकाच जागेवर तोलणं हा पॅनेलवर अन्याय आहे. मागच्या भिंतीपासून किमान एक मीटर दिल्याशिवाय, म्हणजे परतीचा आवाज सहाएक मिलिसेकंद उशिरा आल्याशिवाय, ते बोलतच नाही.

मोजपट्टी

मग पॅनेलला त्याची जागा द्या आणि पेटीला तिची. पण खोलीत मीटरभर जागा सोडता येत नसेल, तर तो अन्याय विकत घेतल्यानंतरही चालूच राहणार आहे, तेव्हा तो तुलनेतच दिसलेला बरा. दोष मोनोत शोधा, मग वाचलेल्या जोड्या स्टिरिओत ऐका. बाजूच्या भिंती मीटरभराच्या आत आणि उघड्या असतील तर अरुंद फेकणारा स्पीकर सोपा पडतो. भिंती दूर असतील तर रुंद फेकणारा अनेकांना जास्त मोकळा वाटतो. सूत्रात या रुंदीला गुण नाहीत. तुमच्या दोघांच्या भांडणातलं एवढं मात्र मी कानावर सोडेन.

कानसेन

"एवढंच" नाही, पण एवढ्यावर आज थांबतो. उद्या दोन्ही पातळ्यांवरच्या स्वीपची वजाबाकी कुणी टाकत असेल तर खुर्ची ओढून बसलोय.