शब्दचर्चा : 'देहधारणा'च्या पानावर 'खंडणी' कशी?

गिरगावकरीण

गिरगावात बरीच वर्षं मुद्रितशोधनाची कामं करते. दर नोव्हेंबरात एका मराठी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, नाताळची पुस्तिका माझ्याकडे येते. यंदाचा विषय होता 'ख्रिस्त जगात कशासाठी आला'. त्यात मी दोन ठिकाणी लाल खुणा केल्या. 'देहधारण' (देवाने ख्रिस्तात माणसाचा देह घेणं) खोडून 'अवतार' सुचवला, कारण तो सोपा आहे आणि प्रत्येकाच्या तोंडात आहे. आणि 'मनुष्याचा पुत्र (म्हणजे ख्रिस्त) पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला' या बायबलमधल्या ओळीतल्या 'खंडणी'भोवती गोल करून समासात प्रश्नचिन्ह काढलं. मुंबईत खंडणी म्हणजे काय ते सांगायला नको. बिल्डरला फोन येतो, दुकानदाराला धमकी येते, पोलिसांचं खंडणीविरोधी पथक असतं. देवाच्या पुस्तकात हा शब्द मला खटकला.

प्रुफं न्यायला मंडळीचे एक वडील, म्हणजे तिथले ज्येष्ठ पुढारी, आले होते. त्यांनी दोन्ही खुणा पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, दोन्ही शब्द राहू द्या. अवतार म्हटलं की गोष्ट वेगळी होते, आणि खंडणी काढली की मोल जातं." त्यांना गाडी गाठायची होती, ते निघून गेले. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. जाणकारांनी सांगावं.

मोडीवाचक

ताई, खंडणीपासून सुरुवात करतो. मूळ क्रियापद 'खंडणे', म्हणजे रक्कम ठरवून टाकणे. जमीन खंडाने देतात तो खंड याच घरचा. ठरवून घेतलेली, दुबळ्याने बलवानाला भरायची रक्कम ती खंडणी. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांकडे मागितली ती खंडणीच, आणि मराठ्यांच्या कागदपत्रांत हा शब्द राज्यव्यवहाराचा आहे, गुन्ह्याचा नव्हे. खंडणी भरली की वेढा उठायचा, माणसं सुटायची. शब्दाला गुन्हेगारीचा वास लागला तो अलीकडे, आणि तो लावण्यात आपल्या शहराचा हात मोठा.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या (ख्रिस्ताच्या चरित्राच्या पुस्तकातल्या) त्या ओळीत मूळ ग्रीक शब्द 'लुत्रॉन' आहे. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजायची किंमत. भाषांतर करणाऱ्यांसमोर जुनी खंडणी होती, त्यामुळे त्यांची निवड चुकली असं मला वाटत नाही.

गिरगावकरीण

हे पटलं. पण मग 'तारण'ही घ्या ना. त्याच पुस्तिकेत 'आमच्या तारणासाठी' पंधरा-वीस वेळा आहे, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पतपेढीची पाटी आहे, 'सोने तारण कर्ज'. एकीकडे पापी माणसाचं तारण, दुसरीकडे मंगळसूत्राचं.

मोडीवाचक

'देव तारी त्याला कोण मारी' मधला तारणारा आपल्याला परका नाही. संस्कृत धातू 'तॄ', म्हणजे तरून जाणे, पलीकडे जाणे. तारू, तीर्थ, तर (होडी), उतार, उतरणे, उतारू ही सगळी त्याच कुटुंबातली. आणि ताई, तुम्ही सुचवलेला 'अवतार'सुद्धा! अव + तॄ, खाली उतरून येणे. तुमच्या रोजच्या कामातलं अवतरणचिन्हही त्यातलंच. म्हणजे तुमच्या पुस्तिकेतले दोन शब्द, एक तुम्ही घालू पाहिलेला आणि एक आधीच असलेला, सख्खे भाऊ निघाले. एक उतरणाऱ्याचा, दुसरा पलीकडे नेणाऱ्याचा.

गोराईकर

मी ईस्ट इंडियन कॅथलिक. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडायला अजून होडी धरावी लागते, त्यामुळे उतरणं आणि तरून जाणं ही जोडी मला फार जवळची वाटली. आमच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, म्हटला जाणारा श्रद्धेचा अंगीकार याच जोडीवर उभा आहे. सन 325 च्या निकेआच्या धर्मपरिषदेत तो ठरला, 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्यात भर पडली. त्याचा आशय असा, की आम्हा माणसांसाठी आणि आमच्या तारणासाठी तो स्वर्गातून उतरला आणि मनुष्य झाला. 'कशासाठी' हा प्रश्न तिथे आधी येतो, 'काय झालं' ते नंतर. त्या शब्दांपाशी आम्ही मान लववतो, आणि वर्षातून दोन दिवस, नाताळला आणि 25 मार्चला, गुडघे टेकतो.

25 मार्च लक्षात ठेवा ताई. नाताळच्या बरोबर नऊ महिने आधीचा तो ख्रिस्ताच्या आईला, मरियेला, मिळालेल्या संदेशाचा सण. देहधारण झालं ते त्या दिवशी, तिच्या उदरात. 25 डिसेंबरला झाला तो जन्म. पुस्तिकेत 'नाताळ म्हणजे देहधारणाचा दिवस' असं कुठे छापलं असेल तर तिथे लाल खूण जरूर करा.

आता 'अवतार' का नको. गीतेत 'परित्राणाय साधूनां विनाशाय च दुष्कृताम्' असं अवताराचं प्रयोजन सांगितलं आहे, आणि ते युगायुगाला होतं. ख्रिस्त लूकच्या शुभवर्तमानात म्हणतो की मी नीतिमानांना बोलवायला आलो नाही, पाप्यांना बोलवायला आलो. दुष्कृत करणाऱ्याचा नाश व्हायचा तिथे त्यालाच शोधायला येणं आहे. आणि ते एकदाच. मी हे लहानमोठं ठरवायला सांगत नाही. दोन प्रयोजनं वेगळी आहेत, म्हणून शब्दही वेगळा हवा.

दादर_पश्चिम

शिवाय बोलीत 'काय हा अवतार करून घेतलायस!' म्हणतात तेव्हा अवतार म्हणजे बाहेरचा वेश. उद्या बदलता येतो.

गोराईकर

अगदी. तोच वाद पहिल्या शतकापासून होता. ख्रिस्ताला देह होता असा नुसता भास होत होता, असं म्हणणारे लोक तेव्हा होते. मंडळीने ते ठामपणे नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानातलं वाक्य आहे, 'शब्द देही झाला'; शब्द म्हणजे ख्रिस्त. ग्रीकमध्ये तिथे 'सार्क्स' आहे, म्हणजे चक्क मांस. भूक लागणारं, दमणारं, रडणारं, मरणारं मांस. सोंग नव्हे. सन 451 ला खाल्केदोनच्या परिषदेने तर शब्द मोजून लावले: एकच व्यक्ती, तिच्यात देवपण आणि माणूसपण, दोन्ही पूर्ण, मिसळून न गेलेली आणि वेगळी न करता येणारी. चौथ्या शतकातला आचार्य, नाझियानझसचा ग्रेगरी म्हणायचा, जे त्याने अंगीकारलं नाही ते बरं झालं नाही. म्हणजे माणसाचं मन, बुद्धी, भीती यांतलं काही त्याने सोडलं असतं, तर आपला तेवढा भाग तारणाबाहेर राहिला असता. 'देहधारण' या जडशा शब्दाला आम्ही इतके का धरून आहोत, त्याचं उत्तर हे.

योहानाच्या त्याच वाक्यात पुढे येतं, 'आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली'. मला यातला 'वस्ती' शब्द सगळ्यांत आवडतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकणे. मराठीत वस्तीची एसटी असते, रात्री गावात थांबणारी. आणि मुंबईत वस्ती म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरं, एका नळावरची रांग. तो तशा ठिकाणी येऊन राहिला. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासिउस याने देहधारणावर लिहिताना एक दाखला दिला आहे: मोठा राजा एखाद्या शहरात आला आणि तिथल्या एका घरात राहिला, तर सगळ्या शहराला मान मिळतो आणि शत्रू त्याच्या वाटेला जात नाही. एका देहात राहून त्याने सगळ्या माणूसजातीचं तसं केलं. दुसरा दाखला चित्राचा. फळीवर काढलेली तसबीर डागाळली तर फळी टाकून देत नाहीत. ज्याची ती तसबीर, त्याने पुन्हा येऊन समोर बसावं लागतं. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला, आणि ती प्रतिमा पुसट झालेली. म्हणून ज्याची प्रतिमा तोच आला.

मोडीवाचक

फार सुंदर. पण मग 'खंडणी' कोणाला भरली? शब्द घेतला की घेणारा पण आला.

गोराईकर

हा प्रश्न जुना आहे. ओरिगेनसारखे काही जुने ख्रिस्ती आचार्य म्हणाले, सैतानाला. माणूस त्याच्या कैदेत होता म्हणून. वर सांगितलेल्या ग्रेगरीला ते असह्य झालं. लुटारूला मोल, आणि तेही देवाच्या पुत्राचं? पुढे 1098 मध्ये अन्सेल्म या धर्मपंडिताने 'देव माणूस का झाला' हाच प्रश्न पुस्तकाच्या नावात ठेवून उत्तर दिलं की देणं देवाचंच होतं. फेडायचं माणसाने, आणि फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव-मनुष्यच हवा.

यावरही सगळे एकमत नाहीत. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो, शास्त्र पाहता पाप झालं नसतं तर देहधारण झालं नसतं असंच मानणं बरं. त्याच्यानंतरचा डन्स स्कोटस म्हणतो, माणूस पापात पडला नसता तरी देवाचा पुत्र आलाच असता. इतकं मोठं प्रेमाचं काम केवळ आपल्या चुकीवर कसं अवलंबून असेल? मराठीत सांगायचं तर पहिल्याचा जोर 'तारणा'वर, दुसऱ्याचा 'वस्ती'वर. माझं मन दुसऱ्याकडे ओढ घेतं. पण आजारपणात, माणूस गेल्यावर, घरात तोंडात येतो तो पहिला शब्द.

गिरगावकरीण

तुमचे प्रतिसाद वाचताना मला एकदम मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातलं धान्य वाटलं, आणि त्यांना बेदरच्या बादशहापुढे नेलं जात असताना विठोबा विठू महाराच्या रूपात दरबारात जाऊन पैसे भरून आला. लहानपणी आजीकडून ऐकलेली ही गोष्ट. देव सेवकाचं रूप घेतो, दुसऱ्याचं देणं भरतो, माणूस सुटतो. मराठी माणसाला हा व्यवहार मुळीच अनोळखी नाही, आणि मी त्याच शब्दाभोवती लाल गोल केला होता.

फरकही कळतो. विठू महाराने मोहरा मोजल्या आणि तो दिसेनासा झाला. ख्रिस्ती श्रद्धेत मोजला तो स्वतःचा प्राण, आणि घेतलेला देह परत टाकला नाही. मरणातून पुन्हा उठल्यावर शिष्य थोमाला दाखवलेल्या जखमा त्याच हातांवर होत्या. म्हणून तो अवतार नव्हे. त्या वडिलांचं वाक्य आता मला पूर्ण लागलं.

खंडणीवरचा गोल मी खोडला आहे. 'अवतार'ही मागे घेतला. एकच शंका उरली: पुस्तिकेत काही ठिकाणी 'देहधारणा झाली' असं आहे. ते चालेल?

मोडीवाचक

नको. 'धारणा' म्हटलं की आज वाचकाला समजूत, मत असं वाटतं, आणि इथे तर नेमकं तेच टाळायचं आहे. 'देहधारण', नपुंसकलिंगी. 'देहधारण झाले'. विभक्ती लागली की मात्र 'देहधारणाचा', 'देहधारणाने'. धाग्याच्या शीर्षकात तुम्ही लिहिलेलं 'देहधारणाच्या' बरोबरच आहे, त्याला 'देहधारणा' समजून कोणी दुरुस्त करायला येईल, तर करू देऊ नका.