सीटी स्कॅन नॉर्मल आल्यावर विश्रांती किती?

द्वारका चौकात स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागलेल्या, पण सीटी स्कॅन नॉर्मल आलेल्या आपल्या भावाला महिनाभर अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवावे का, असे एकाने विचारले आहे. त्या अनुषंगाने थोडी भर घालतो. मेंदूच्या सौम्य दुखापतीनंतर साधारण एक-दोन दिवसांची विश्रांती पुरते. पुढे त्रास फारसा वाढणार नाही अशा बेताने चालणे, वाचन, काम हळूहळू सुरू करावे, असे आजचे वैद्यकीय मत आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संभाव्य लक्षणांची माहिती देणारी पुस्तिका आठवड्याभरात मिळालेल्या रुग्णांच्या तक्रारी तीन महिन्यांनी तुलनेने कमी आढळल्या. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे असतात. उरलेली माहिती शेजारीपाजारी पुरवतात! वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा फिट आल्यास मात्र तडक रुग्णालय गाठावे.