ऑस्ट्रेलियातल्या कॉलेजची ऑफर स्वीकारताना

प्रश्न: मेलबर्नच्या कॉलेजची कंडिशनल ऑफर आलीय. आधी सही की आधी पैसे? आणि सीओई (व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रवेश-निश्चितीपत्र) अडकतो तो कशामुळे?

प्रतिसाद १: आधी अटी पूर्ण करा: राहिलेली मार्कशीट, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. मग करार वाचून सही, त्यानंतरच फी. परताव्याचं कलम वाचाच. व्हिसा नाकारल्यामुळे कोर्स सुरूच करता आला नाही, तर कॉलेज फीच्या ५ टक्के किंवा ५०० डॉलर, यांतली कमी रक्कमच कापू शकतं. स्वतःहून माघार घेतलीत तर मात्र करारात लिहिलेलं लागू.

प्रतिसाद २: सीओई बहुतेकदा पैशांपाशी अडकतो. बँकेत फॉर्म भरताना परदेशी चार्जेस 'अवर'वर (OUR, म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे) टाका. 'शेअर्ड' ठेवलं की मधली बँक तिचे चार्जेस त्याच रकमेतून कापून घेते, रक्कम कमी पोचते आणि फी अपुरी दिसते. रेफरन्समध्ये स्टुडंट आयडी हवाच. वडिलांच्या खात्यातून पैसे गेले तर नुसत्या नावावरून विद्यार्थी सापडत नाही.

प्रतिसाद ३: ओएसएचसी (परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा) व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा घ्या, फक्त कोर्सपुरता नको. सीओईवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडा. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. चूक दिसली तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधीच कॉलेजकडून दुरुस्त करून घ्या.